एकाच पेटीतली दोन गाणी

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या सानगडीच्या शाळेत सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. कोणती गाणी घ्यायची आणि कोणती वगळायची हे ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. कादंबऱ्या लिहितो म्हणून रुची चांगली असणार, असा माझ्याविषयी सहकाऱ्यांचा एक गैरसमज आहे, आणि तो मीही कधी दूर केलेला नाही. मुलांनी आणलेल्या यादीत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ होते. त्यापुढे मी डोळे झाकून बरोबरची खूण केली. खाली सातवीतल्या एका मुलीने ‘अलबेला’ चित्रपटातल्या नाचगाण्याचे नाव लिहिले होते, तेच ते शोला भडकण्याचे गाणे. त्यावर मी लाल शाईची रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘थिल्लर. प्रसंगाला शोभणारे नाही.’

ती मुलगी काही बोलली नाही. सानगडीच्या मुली गुरुजींशी वाद घालीत नाहीत. तिने दिवाळीपासून त्या नाचाची तयारी केली होती, हे मला मागाहून कळले.

आमच्याकडे पेटी वाजवायला जे मास्तर येतात, ते साठी उलटलेले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांतून साथ करण्यात घालवली. त्यांनी ती यादी चष्म्याजवळ नेली, लाल रेघ पाहिली आणि हसून म्हणाले, ‘‘गुरुजी, एक गानं ठेवलं अन् एक काटलं. पन दोनी एकाच मानसाचे हायेत जी.’’

‘‘कुणाची?’’ मी विचारले.

‘‘रामभाऊ चितळकराची. आमच्या नागपुरात शिकला तो!’’

मी ओशाळलो. रेघ मात्र तशीच राहिली. कार्यक्रम झाला, देशभक्तीचे गाणे झाले, पाहुण्यांनी रुमाल काढले. नाच झाला नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला आहे. ज्याने देशाला रडवले आणि ज्याने देशाला नाचवले, तो माणूस एकच असेल, तर आपण एका हाताने त्याला हार घालतो आणि दुसऱ्या हाताने त्याच्या नावावर रेघ मारतो, हे कसे? हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगीताची कोणतीही परीक्षा मी दिलेली नाही. तेव्हा शास्त्रार्थात चूक झाली तर जाणत्यांनी पदरात घ्यावी. पण ऐकण्याचा अधिकार परीक्षेने मिळत नाही, आणि त्याच अधिकाराने मी हे लिहीत आहे.

•

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे हिंदी चित्रसृष्टीचे सी. रामचंद्र आणि स्नेह्यांचे अण्णा, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी गोदाकाठच्या पुणतांब्याचा. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. परंपरा त्याला चांगदेवांच्या समाधीचे गाव म्हणून ओळखते. पण या पोराच्या कानाची घडण झाली ती आमच्या विदर्भात. नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे गुरुजींच्या हाताखाली त्याने गाण्याचे धडे घेतले. याच गुरुजींकडे पुढे थोर गायक झालेले वसंतराव देशपांडेही शिकत होते. एकाच ओसरीवर बसणाऱ्या या दोन मुलांपैकी एकाने पुढे नाट्यसंगीताला आणि ख्यालाला नवे वळण दिले, तर दुसऱ्याने हिंदुस्थानभरच्या पानाच्या ठेल्यांना गाणी पुरवली. सप्रे गुरुजींचे मोठेपण मला या दोन्हींत सारखेच दिसते. त्यांनी दोघांना एक वाट दाखवली नाही, दोघांचे कान मात्र सारखे उघडे ठेवले.

नंतर रामचंद्र पुण्याला गेला आणि विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकला. बुवांची शिस्त कडक. स्वर जागचा हलता कामा नये, अशी ती परंपरा. तिथून तो थेट चित्रपटांत शिरला, तोही गायला नव्हे, नायक व्हायला! वाय. व्ही. राव यांच्या १९३५ सालच्या ‘नागानंद’मध्ये त्याने नायकाचे काम केले. चित्रपट आपटला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये लहानसहान भूमिका करता करता तो तिथल्या संगीतकारांना पेटीची साथ करू लागला. नायक व्हायला निघालेला माणूस पेटीमागे जाऊन बसला. नशिबाची ही थट्टा त्याला मानवली, आणि आपल्यालाही.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्याची पहिली कामे तमिळ चित्रपटांतली, ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’. भाषा परकी आणि प्रेक्षकही परका. तमिळ न येणाऱ्या मराठी मुलाने तिथे चाल बांधली, ती शब्दाच्या नादावर आणि वजनावर कान ठेवूनच बांधली असणार. पुढे निरर्थक बोलांतून त्याने जी नादमय गंमत उभी केली, तिचे मूळ मला या तमिळ शाळेत दिसते. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून तो हिंदीत आला. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते भगवान पालव, आपले भगवानदादा. जन्माने अमरावतीचे आणि वाढीने मुंबईच्या गिरणगावाचे. या दोघांचे सूत जमले आणि नऊ वर्षांनी त्यातून ‘अलबेला’ जन्मला.

मधल्या काळात तो जयंत देसाईंच्या संस्थेत होता, नंतर फिल्मिस्तानमध्ये गेला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी त्याचा ‘शहनाई’ पडद्यावर आला. दर रविवारी भेटायला बोलावणारे त्यातले खट्याळ गाणे गल्लोगल्ली वाजले. स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी एका मराठी संगीतकाराने शिट्टी वाजवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण ती अतिशयोक्ती मला आवडते.

•

आता त्या लाल रेघेकडे वळू.

रेघ मारणारा मी पहिला नव्हे. माझ्या आधी माझ्याहून फार मोठ्या माणसांनी ती मारली होती. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत नभोवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय गायकांना नभोवाणीने त्या काळात जो आधार दिला, त्याचे श्रेय केसकरांना द्यायलाच हवे. त्याविषयी वाद नाही. पण लोकांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र अमीन सयानींच्या मालकीची झाली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात नभोवाणीलाच ‘विविध भारती’ काढावी लागली.

गंमत अशी की पेटी या बिचाऱ्या वाद्यावरही नभोवाणीने १९४० सालापासून बंदी घातली होती. तिच्यात श्रुती नाहीत, ती परदेशी, ती बेसूर, असे आरोप होते. पुढे तीसएक वर्षांनी ती बंदी सैल झाली. म्हणजे आमचे पेटीमास्तर आणि सी. रामचंद्र हे दोघेही एकाच तुरुंगातले कैदी म्हणायचे! मास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘बंदी असन जी, पन आमच्याकडं तिच्याबिगर परदा वर जात नाय.’’

झाडीपट्टीचा ज्यांना परिचय नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात येते, गावोगाव मंडई भरते, आणि रात्री नाटक होते. ते पहाटेपर्यंत चालते. त्यात ऐतिहासिक संवादही असतात, आईचे रडणेही असते आणि मधेच एक फक्कड नाचगाणेही असते. शाली पांघरून बसलेला शेतकरी रडतो आणि घटकाभराने हसतो. आपण आता रडलो होतो, तेव्हा हसणे बरे नव्हे, असे त्याला कधीच वाटत नाही. तशी दंडारही आमचीच. तिच्यातही गण आहे आणि थट्टाही आहे. मी या मातीत वाढलो, आणि तरीही मी रेघ मारली. पुस्तके वाचून माणूस कधी कधी आपल्या गावाहून अडाणी होतो, तो असा.

•

‘अलबेला’ १९५१ चा. भगवानदादा नायक, गीता बाली नायिका, गीते राजेंद्र कृष्ण यांची. नायक कोणी राजपुत्र नाही. तो बेताच्या घरचा, जाडगेला, रंगभूमीची स्वप्ने पाहणारा मुलगा. घरात लग्नाची बहीण आहे आणि खिशात दमडी नाही. असा नायक नाचणार कसा? नर्तकासारखा तो नाचला असता तर खोटा वाटला असता. भगवानदादा नाचतात ते वरातीत एखादा मामा नाचतो तसे. पाय फारसे उचलायचे नाहीत, हात हवेत तरंगू द्यायचे आणि चेहऱ्यावर सारी मौज. या नाचाला चाल हवी होती ती अशी, की जी ऐकून न नाचणाऱ्याचाही खांदा हलावा.

सी. रामचंद्रांनी त्यासाठी काय केले? मुंबईच्या हॉटेलांतून वाजणारे जाझ त्यांनी बोलावून आणले. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरे नाव आन्तोनियो शावियर वाझ, हा त्यांचा साहाय्यक. ‘अलबेला’त तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, हवाई गिटार असा सारा पाहुण्यांचा मेळा. पण या पाहुण्यांना त्यांनी बसवले ते मराठी पाटावर. गाण्याचे मुखडे ऐका. ते लहान आहेत, ठसठशीत आहेत, आणि समेवर असे येऊन बसतात की टाळी आपोआप पडावी. तमाशाच्या फडात ढोलकी जिथे थाप देते, नेमकी तिथेच इथे बोंगो बोलतो. वाद्य कोणतेही असो, थाप कुठे पडावी हे त्यांना घरूनच माहीत होते.

आणि मग याच चित्रपटातली ती अंगाई! लताबाईंच्या आवाजातली, दुसऱ्या एका रूपात तिला चितळकरांच्या स्वतःच्या आवाजाची जोड आहे. पिलूच्या अंगाने जाणारी ती चाल इतकी हळू पावले टाकते, की झोपलेल्याची झोप मोडू नये याची काळजी जणू वाद्येही घेत आहेत. नाचगाण्यात जो ठसका होता तो इथे औषधालाही नाही. पण नीट ऐकले तर दोन्हींमागचे तत्त्व एकच दिसते. चाल साधी, पल्ला आवाक्यातला, आणि एखादीच जागा अशी की जिथे सामान्य गळा अडतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नात गाण्याच्या प्रेमात पडतो. हे ‘अवघड’ सोप्याच्या पोटात लपवून ठेवणे, हे सी. रामचंद्रांचे खरे कसब. रोवणीच्या वेळी चिखलात उभ्या असलेल्या बायांच्या तोंडी मी त्यांच्या चाली ऐकल्या आहेत. शब्द झाडीबोलीतले, चाल मात्र अण्णांची, आणि गाणाऱ्यांना त्यांचे नावही ठाऊक नाही. संगीतकाराला यापेक्षा मोठे पारितोषिक कोणते असते ते मला माहीत नाही.

•

दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, ‘अनारकली’ आला. नाचवणारा माणूस रडवणार कसा, अशी शंका ज्यांना होती, त्यांना हे उत्तर होते. लताबाईंचा त्या काळचा आवाज म्हणजे नुकती तार लावलेली सतार. त्या आवाजाला काय पेलते आणि त्याला कुठे मोकळे सोडावे, हे फार थोड्यांना इतके नेमके कळले. बागेश्रीतले हेमंतकुमारांबरोबरचे द्वंद्वगीत आणि भीमपलासाच्या छायेतले ते आयुष्याविषयीचे गाणे ऐकताना लक्षात येते की इथे वाद्यमेळ मागे सरकला आहे. ‘अलबेला’त जो ताफा पुढे होता तो इथे आडपडद्याला आहे. ज्याला वाजवायचे कसे हे कळते, त्यालाच थांबायचे कुठे हेही कळते. विनायकबुवांच्या वर्गातली तालीम इथे कामी आली असे मला वाटते.

बागेश्री हा त्यांचा लाडका राग. १९५५ च्या ‘आझाद’मध्ये रुसलेल्या राधेचे जे गाणे आहे तेही बागेश्रीतलेच. या ‘आझाद’ची एक हकीगत चित्रसृष्टीत सांगितली जाते. निर्मात्यांना महिन्याभरात सारी गाणी हवी होती. नौशादांनी इतक्या घाईत काम करणे नाकारले आणि सी. रामचंद्रांनी ते अंगावर घेतले. हकीगतीतला तपशील कसाही असो, चित्रपट आपल्यापुढे आहे. त्यात एका बाजूला ही बागेश्री, आणि दुसऱ्या बाजूला लताबाई व उषाबाई या बहिणींनी गायलेले, बोलांच्या गमतीचे ते नाचगाणे. एकाच चित्रपटात, एकाच घाईत, एकाच माणसाच्या हातून दोन्ही उतरली. माझ्या लाल रेघेने यातले अर्धे कापले असते आणि अर्धे ठेवले असते.

बोलांची ही गंमत १९५७ च्या ‘आशा’मध्ये कळसाला पोचली. रॉक अँड रोलचा तो जमाना. किशोरकुमारांचा गळा, आणि अर्थाला पूर्ण सुट्टी! त्या बोलांत मधेच कोकणीतला नकारही येऊन जातो, ही गोव्याच्या वादकांच्या सहवासाची खूण. पोरेटोरे अंगणात आट्यापाट्या खेळताना जे बोल म्हणतात, त्यांना तरी कुठे अर्थ असतो? पण त्यांत लय असते, आणि लय म्हणजे शिस्तच. अर्थ नसताना गाणे उभे राहते ते निव्वळ लयीच्या खांबावर. खांब कच्चा असेल तर हसे होते. अर्थ असलेले गाणे एखाद वेळ शब्दांच्या आधाराने तरते. निरर्थक गाण्याला तो आधारही नाही.

इथे मी माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो. माझ्या कादंबऱ्यांतली मरणाची प्रकरणे मी एका बैठकीत लिहिली आहेत. वाचकाला रडवणे फारसे अवघड नसते. एक म्हातारी आई आणि एक न आलेले पत्र एवढ्यावर काम भागते. पण एका लग्नघरातले विनोदी पान मी आठ वेळा फाडले, आणि छापून आलेले नववेसुद्धा वाचून कोणी हसल्याचे मला कळलेले नाही. तेव्हा हलके आणि हलकेफुलके यांत फरक आहे. हलके म्हणजे ज्यात कस नाही ते. हलकेफुलके म्हणजे ज्याने आपले वजन दुसऱ्याला जाणवू दिले नाही ते. गोफणीतला दगड आणि उडता पक्षी दोन्ही हवेतच असतात. पण एक फेकलेला असतो आणि एक उडत असतो.

•

एवढे म्हटले तरी मला वकिली करायची नाही. दोष आहेत आणि ते सांगितले पाहिजेत.

पहिला दोष उसनवारीचा. १९५० च्या ‘समाधी’तले गोऱ्या-गोरीच्या थट्टेचे गाजलेले गाणे परदेशी चालीवर बेतलेले आहे, पुढे मराठी ‘घरकुल’मध्येही त्यांनी एका इंग्रजी गाण्याला मराठी झबले घातले. हे उसने त्यांनी आपल्या अंगाचे करून घेतले हे खरे. पण ज्याच्या घरी धानाचे कोठार भरलेले आहे त्याने शेजाऱ्याकडे मापटे घेऊन का जावे?

दुसरा दोष आवाजाच्या मोहाचा. ‘चितळकर’ या नावाने ते स्वतः गात. खट्याळ गाण्यांत तो आवाज फक्कड लागतो, कारण त्यात गायकाचा आव नसून शेजाऱ्याचा मोकळेपणा आहे. पण हळुवार गाण्यांत तो तलत महमूदांच्या इतका जवळ जातो की ऐकणाऱ्याला वाटते, मग तलतच का नको?

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की दैव, हे मी ठरवू शकत नाही. पन्नाशीचे दशक संपता संपता त्यांच्यात आणि लताबाईंत दुरावा आला. त्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. १९७७ साली आलेल्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्रानेही ती वाढवली. ती चर्चा या दिवाळीच्या फराळात मला वाढायची नाही. टीकाकाराचा अधिकार गाण्यापुरता. गाण्यापुरते बोलायचे तर नुकसान झाले ते ऐकणाऱ्यांचे. मात्र त्याच काळात, १९५९ साली, शांतारामबापूंच्या ‘नवरंग’मध्ये त्यांनी आशाबाई आणि महेंद्र कपूर यांच्याकडून मालकंसातले अर्ध्या चंद्राचे गाणे गाऊन घेतले, हेही विसरता येत नाही. पण साठीनंतर ओहोटी लागली. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांनी नव्या रसिकांना नवी सवय लावली होती. त्या सवयीचा पाया अण्णांनीच घातला होता, आणि पाया कोणी पाहत नाही.

आणखी एक सल आहे. सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ मराठी घरांत देव्हाऱ्याशेजारी बसले. वसंत देसाईंची प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते. चितळकरांना मात्र मराठी माणसाने कधी ‘आपला’ म्हणून पाटावर बसवले नाही. ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ हे त्यांचे मराठी चित्रपट. १९७० च्या ‘घरकुल’मध्ये अमरावतीच्या सुरेश भटांच्या कवितेला त्यांनी जी मखमली चाल दिली, ती आशाबाईंच्या आवाजात आजही ताजी आहे, आणि त्यातलेच पप्पा कुणाचे म्हणून भांडणारे गाणे तर घराघरांत पोचले. पण गाणे घरात येते, आणि संगीतकार उंबऱ्याबाहेर उभा राहतो! ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले.

•

राहिले ते १९६३ चे गाणे.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आपल्याला जो तडाखा दिला, त्याने देश खचला होता. कवी प्रदीपांनी गीत लिहिले आणि चाल बांधायला बोलावले गेले ते सी. रामचंद्र. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी ते गायले. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन होते, पंडित नेहरू होते. नेहरूंचे डोळे भरून आले, हे सर्वश्रुत आहे.

मी ते गाणे आयुष्यभर ऐकत आलो होतो; पण लाल रेघेच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा कान देऊन ऐकले. लढाईचे गाणे म्हटले की आपल्याला नगारे हवे असतात. इथे सुरुवातच ताल सोडून होते. कीर्तनकार पूर्वरंग संपवून, टाळ खाली ठेवून, श्रोत्यांशी दोन शब्द बोलतो, तशी ती सुरुवात. मग ताल येतो तोही पावलापावलाने. स्वरांचा पल्ला एवढाच, की शाळेतली कोणतीही मुलगी ते गाऊ शकते; आणि म्हणून तर दर सव्वीस जानेवारीला देशभरच्या मुली ते गातात. ‘अलबेला’ची अंगाई ज्या हाताने बांधली, तोच हात इथे आहे. तिथे मूल झोपले होते, इथे जवान झोपले आहेत. आणि दोन्हीकडे संगीतकार पाय न वाजवता चालतो आहे.

म्हणजे मास्तर बोलले त्याहून गोष्ट पुढची होती. दोन्ही गाणी एकाच माणसाची होती एवढेच नव्हे, तर एक गाणे आल्यावाचून दुसरे आले नसते. बारा-पंधरा वर्षे खट्याळ गाण्यांतून जो माणूस सामान्य गळ्याचा पल्ला, सामान्य कानाची भूक आणि सामान्य पायाची लय शिकत होता, त्यालाच देशाच्या शोकाला असा सूर देता आला, की तो पंतप्रधानांनाही कळावा आणि धान रोवणाऱ्या बाईलाही. नुसत्या गंभीर संगीतकाराने त्या दिवशी गंभीर गाणे केले असते. त्याचा आपण आदर केला असता, आणि दुसऱ्या वर्षी विसरलो असतो.

मागल्या सव्वीस जानेवारीला मी दोन्ही गाणी यादीत घातली. आधी नाच, मग देशगीत. मंडपात आयाबाया हसल्या आणि घटकाभराने त्यांनीच पदराने डोळे पुसले. कोणालाही काही विसंगत वाटले नाही. पेटीवर मास्तरच होते. पहिल्या गाण्याला त्यांनी भाता जोरात हलवला, दुसऱ्याला अगदी हळू. बाकी बोटे तीच.

नाच मात्र दुसऱ्याच मुलीने केला. जिच्या नावावर मी रेघ मारली होती, ती तोवर शाळा सोडून साकोलीला मामाकडे शिकायला गेली होती. एकदा बसथांब्यावर दिसली. मी म्हणालो, ‘‘यंदा आपल्याकडे ‘अलबेला’चे गाणे झाले बरे का.’’ ती म्हणाली, ‘‘आईनं सांगितलं, गुरुजी.’’ आणि बस आली.

यंदाच्या दिवाळीत, फराळाच्या ताटाशी सारे घर बसलेले असताना, वाचकांनी एवढे करावे. आधी ‘अलबेला’चे नाचगाणे लावावे आणि मुलांना नाचू द्यावे. मग त्याच चित्रपटातली अंगाई, मग ‘अनारकली’, आणि शेवटी ते १९६३ चे गाणे. मधे कोणीही उठून काही बंद करू नये. विशेषतः घरात एखादा मास्तर असेल, तर त्याने.